सायकलीचा दूरचा प्रवास : वाट आणि बिऱ्हाड

नाताळची सुटी जवळ येऊं लागली म्हणजे आमच्या वर्गांत सायकलीवरून कोठें तरी दूर जाण्याचे बेत सुरू होतात. कोणी पचमढीचें नांव काढतो, कोणी ताडोब्याचें, कोणी तर एकदम जबलपूरचा धुवांधार गांठतो. मग नव्या तंबूची, दिव्याची, पिशव्यांची चर्चा रंगते आणि बहुतेक बेत त्या चर्चेंतच विरून जातात. गेल्या वर्षीं मात्र सहा विद्यार्थी व एक शिक्षक असे आम्ही सात जण खरोखरच निघालों. प्रवास फार मोठा नव्हता. नागपूर ते रामटेक, तेथील आसपासचीं स्थळें पाहणें, आणि परत, असा तीन दिवसांचा होता. तथापि त्या तीन दिवसांत जें शिकावयास मिळालें, तें याहून मोठ्या प्रवासास निघणाऱ्यांच्या उपयोगीं पडेल, अशा समजुतीनें तें येथें मांडीत आहों.

प्रवाशापुढें रोज दोनच प्रश्न असतात. मी आतां कोठें आहें, आणि आज रात्रीं कोठें निजणार? पायीं चालणारा वाट चुकला तर त्याचा एखादा कोस वायां जातो. मोटारवाला चुकला तर घटकाभरांत मागें वळतो. सामान लादलेल्या सायकलस्वाराचें तसें नाहीं. त्याची एक चूक म्हणजे अर्धा दिवस, आणि हिवाळ्यांतला अर्धा दिवस म्हणजे बहुधा सारा उजेड. म्हणून बरोबर जें कांहीं घ्यावयाचें, तें या दोन प्रश्नांपैकीं कोणत्या प्रश्नाचें उत्तर देतें, हें आधीं पाहावें. एकाचेंही देत नसेल, तर तें घरीं ठेवावें.

पहिल्या प्रश्नाची थोरवी समजून घेण्यास नागपूरकरांना दूर जावयास नको. आपल्या शहरांतील झीरो माइलचा स्तंभ सर्वांनीं पाहिलेला आहे, पण त्याच्या शेजारचा लहान दगड वाचणारे थोडे. हा दगड १९०७ सालीं बसविलेलें, समुद्रसपाटीपासूनची उंची मोजण्याचें एक प्रमाणचिन्ह आहे, आणि स्तंभावर हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल, शिवनी ७९ मैल अशीं अंतरें कोरलेलीं आहेत. हिंदुस्थानच्या ज्या महान त्रिकोणमितीय मोजणीशीं या चिन्हाचा संबंध आहे, तिचा आरंभ विल्यम लॅम्बटन यांनीं १८०२ सालीं मद्रासेस केला. अर्ध्या टनाचें कोनमापक यंत्र बैलांच्या व माणसांच्या बळावर ओढीत ते वीस वर्षें उत्तरेकडे सरकत राहिले, आणि हैदराबादेहून नागपुराकडे येत असतां जानेवारी १८२३ मध्यें हिंगणघाट येथें निवर्तले. त्यांची कबर तेथेंच आहे. ज्या नकाशाकरितां माणसांनीं असें आयुष्य वेंचलें, त्याची घडी आज आपल्या खिशांत मावते. ती उलगडून वाचतां येऊं नये, ही मात्र आपली उणीव होय.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा जो नकाशा प्रवाशास सर्वांत सोयीचा, त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर असें प्रमाण असतें. जुन्या क्रमांकांप्रमाणें नागपूर शहर ५५ ओ/४ या पत्रांत येतें आणि रामटेक ५५ ओ/७ मध्यें. रस्ता वांकडातिकडा असल्यामुळें पट्टीनें अंतर मोजूं नये. एक ओला दोरा रस्त्याच्या वळणावळणांवरून बसवावा आणि मग तो सरळ करून मोजावा. नकाशावर ज्या तपकिरी रेषा दिसतात, त्या समान उंचीच्या होत. एका रेषेपासून दुसरीपर्यंत वीस मीटरांची चढण असते. या रेषा जेथें विरळ, तेथें जमीन सपाट. जेथें दाट, तेथें सायकल हातांत धरून चालावें लागणार. आम्हीं निघण्याच्या आदल्या रात्रीं प्रत्येकास वाटेचा एकेक तुकडा वांटून दिला होता. आपल्या तुकड्यांतील नद्या, रेल्वेचीं फाटकें, मोठे तलाव व तिठे त्यानें एका चिठ्ठीवर क्रमानें लिहून काढावयाचे. ही चिठ्ठी हँडलला चिकटवलेली असली म्हणजे वारंवार नकाशा उलगडावा लागत नाहीं, आणि अपेक्षित नदी वेळेवर आली नाहीं कीं चूक लगेच ध्यानांत येते.

होकायंत्र लहान असलें तरी पुरतें. कित्येक देशांत त्याची सुई खऱ्या उत्तरेपासून बरीच ढळते व हिशेब करावा लागतो. नागपुराकडे हा फरक एक अंशाहूनही कमी असल्यामुळें सायकलस्वारानें तो मनांत न आणला तरी चालेल. सायकलीच्या लोखंडापासून मात्र चार पावलें दूर जाऊन सुई पाहावी. होकायंत्र हरवलें तर आकाश आहेच. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे माध्यान्हीं उभ्या काठीची सावली बरोबर उत्तरेस पडते आणि ती जवळजवळ काठीएवढीच लांब असते. आपल्या घड्याळाप्रमाणें हें माध्यान्ह बारा वाजून पंधरा मिनिटांच्या सुमारास येतें. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हां दुपारची सावली कांहींच सांगत नाहीं. रात्रीं ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर दिसतो, तें त्या स्थळाच्या अक्षांशावर अवलंबून असतें. नागपूरचा अक्षांश २१ अंश. हात पुढें ताठ धरून मूठ आंवळली असतां ती सुमारें दहा अंश झांकते. तेव्हां क्षितिजावर दोन मुठी एकावर एक ठेवाव्या, त्यांच्या माथ्यावर ध्रुव सांपडेल.

आतां कोणी विचारील कीं, मोबाईलच्या काळांत ही उठाठेव कशाला? मोबाईलची निंदा आम्ही करीत नाहीं. निदान चार उपग्रहांकडून आलेल्या वेळेच्या संकेतांतील सूक्ष्म फरकांवरून तो आपली जागा कांहीं मीटरांच्या आंत सांगतो, आणि याकरितां आतां अमेरिकेच्या जीपीएस बरोबर आपल्या इस्रोच्या नाविक या योजनेचेही उपग्रह आहेत. ही जागा कळण्यास टॉवरची जरूर नसते. परंतु ज्या नकाशावर ती उमटावयाची, तो नकाशा बहुधा टॉवरमार्फतच येतो. म्हणून लागणारा सारा प्रदेश घरींच उतरवून घ्यावा, यंत्र एरवीं बंद ठेवावें, आणि एक भरलेली पॉवर बँक वेगळ्या सायकलीवर असावी. एवढें करूनही एक गोष्ट उरते. उपग्रह आपण कोठें आहों तें सांगतो. पुढची वाट जाण्याजोगी आहे कीं नाहीं, तें सांगत नाहीं.

तें गांवकरी सांगतात, पण विचारण्याची रीत असते. "ही वाट मौद्याला जाते ना?" असें विचारलें तर पाहुण्याचें मन मोडूं नये म्हणून बहुतेक लोक "हो" म्हणतात. "मौद्याला कोणती वाट जाते?" असें विचारावें. शक्यतों बंडीवाल्यास किंवा गुराख्यास विचारावें, आणि फर्लांगभर पुढें जाऊन तोच प्रश्न दुसऱ्यास करावा. दोन्ही उत्तरें जुळलीं तरच निघावें.

बिऱ्हाडाचें सामान बांधतांना सर्वांत मोठा शत्रु वजन. एका माणसाचें सामान, पाणी वगळून, दहा बारा किलोंच्या वर जाऊं नये. जड वस्तु मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंस, जितक्या खालीं नेतां येतील तितक्या खालीं, आणि दोहींकडे सारख्या वजनाच्या असाव्या. हँडलवर जड पिशवी टांगली कीं उतारावर सायकल हातांत राहत नाहीं. सर्व कांहीं बांधून झाल्यावर एकदां दहा किलोमीटर फिरून यावें. आमच्यापैकीं एकाचा पितळी डबा त्या पहिल्याच फेरींत घरीं परत गेला.

तंबू विकत घेणें झाल्यास दोन पदरांचा घ्यावा. आंतला पदर जाळीचा व बाहेरचा पाणी न शिरणारा, अशा तंबूंत डांस येत नाहींत आणि श्वासाची वाफ अंगावर ठिबकत नाहीं. परंतु तो नसेल तर प्रवास अडतो, असें मुळींच नाहीं. तीन मीटर रुंद व चार मीटर लांब अशी एक ताडपत्री, पंधरा मीटर दोरी आणि एक मच्छरदाणी, एवढ्यांत हिवाळ्यांत तिघांची उत्तम सोय लागते. दोन झाडांमध्यें दोरी ताणून तीवर ताडपत्री टाकावी व टोकांना दगड बांधावे. झाड एकच असेल, तर दुसऱ्या टोंकास उलटी उभी केलेली सायकल चालते. नागपूरच्या आसपास डिसेंबर-जानेवारींत पहांटे पारा दहा अंशांच्याही खालीं जातो. थंडी वरून लागते अशी सर्वांची समजूत असते. वास्तविक निजलेल्या माणसाची ऊब खालची जमीन अधिक शोषून घेते. म्हणून दोन कांबळीं असतील तर एक खालीं घालावें. धानाच्या मुलखांत कोणीही शेतकरी मूठभर तणस आनंदानें देतो. तें झटकून अंथरावें व वर सतरंजी घालावी. याहून मऊ गादी कोणत्याही दुकानांत मिळणार नाहीं.

जागा निवडतांना उजेड पाहिजे. नाल्याच्या कोरड्या पात्रांत कधींही उतरूं नये. वाळलेल्या फांदीखालीं निजूं नये. मार्च-एप्रिलांत मोहाचीं फुलें गळत असतात, तेव्हां त्या झाडापासून दूर राहावें, कारण अस्वलांस तीं फार प्रिय असतात. वनखात्याच्या परवानगीवांचून जंगलांत मुक्काम करणें हा गुन्हा आहे, आणि पेंचसारख्या वाघांच्या रानाजवळ तर तें वेडेंपण आहे. सर्वांत चांगली जागा गांवांतच मिळते. सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना भेटून, आपण कोण, किती जण, कोठून आलों, तें स्वच्छ सांगावें. शाळेची पडवी, देवळाचा सभामंडप किंवा धर्मशाळा, यांपैकीं एक तरी मिळतेंच. सकाळीं निघण्यापूर्वीं ती जागा झाडून द्यावी. मागून येणाऱ्या प्रवाशास आश्रय मिळणें न मिळणें आपल्यावर अवलंबून असतें.

राहिलें दुरुस्तीचें व पोटाचें. आपल्या वाटांवर बाभळीचे कांटे मुबलक. म्हणून पंप, पंक्चरचें सोल्युशन व पॅच, टायर काढण्याच्या दोन पट्ट्या, पाना आणि एक जास्तीची ट्यूब हीं प्रत्येक दोघांमागें असावींत. पावसानें भिजलेल्या काळ्या मातींत मडगार्ड भरून चाकें अडकतात, तेव्हां कमचीसारखी एक चपटी काडी फार उपयोगीं पडते. पाणी माणशीं दोन लिटर तरी नेहमीं भरलेलें असावें. शेंगदाणे, गूळ, चिवडा आणि संत्रीं एवढ्यांवर दिवस निघतो. उन्हानें किंवा जुलाबानें कोणी गळून गेलाच, तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडें थोडें पाजावें व डॉक्टर गांठावा.

आतां आमच्या चुकीची हकीकत सांगितली पाहिजे. दुसऱ्या दिवशीं नगरधनचा किल्ला पाहून आम्ही दुपारीं साडेतीन वाजतां निघालों. डिसेंबरांत नागपुराकडे साडेपांचच्या सुमारास सूर्य मावळतो, हें आम्हांस ठाऊक होतें. सामानासकट आपला वेग तासास बारा किलोमीटर आहे, हेंही ठाऊक होतें. हिशेब साधा होता, पण तो कोणीं केला नाहीं. मोबाईलवर शेतांतून जाणारी एक जवळची वाट दिसली. आमची चिठ्ठी पक्क्या सडकेची होती. ती सोडून, वाटेंत कोणासही न विचारतां, आम्ही त्या वाटेस लागलों. पांचाच्या सुमारास वाट एका कालव्यावर येऊन थांबली. मोबाईलवर रेषा पलीकडे गेलेली होती. प्रत्यक्षांत तेथें पूल नव्हता.

कालवा पांच सहा मीटर रुंद असेल. पाणी संथ दिसत होतें. पलीकडे थोड्याच अंतरावर एका गांवाचे दिवे लागूं लागले होते, आणि मागचा गांव पांच किलोमीटर दूर होता. आमच्यांतील दोघांनीं जोडे काढले. "गुडघाभर पाणी आहे, सायकली डोक्यावर घेऊं," असें एकानें म्हटलें, आणि खरें सांगावयाचें तर आम्हां सर्वांच्या मनांत तेंच होतें. शिक्षकांनीं एवढेंच विचारलें, "गुडघाभर आहे, हें कोणीं पाहिलें?" कोणींच पाहिलें नव्हतें. थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग जोडे पुन्हां पायांत गेले व आम्ही मागें वळलों. तीं पांच किलोमीटरें अंधारांत, एका दिव्याच्या उजेडांत, सायकली हातांत धरून आम्ही चाललों. गांवांत पोहोंचलों तेव्हां सात वाजले होते. शाळेची पडवी मिळाली, आणि न मागतां कोणी तरी गरम पिठलें-भाकरी आणून दिली.

सकाळीं गांवच्या एका शेतकऱ्याबरोबर आम्ही मुद्दाम पुन्हां त्या जागीं गेलों. त्यानें आपल्या हातांतील वेळूची काठी पाण्यांत सोडली. काठी त्याच्याहून उंच होती. ती सगळी आंत गेली, तरी तळ लागला नाहीं. शिवाय काठाची उतरण सिमेंटाची, शेवाळानें बुळबुळीत झालेली. मागच्या वर्षीं त्याचा एक बैल तेथें घसरला. पोहतां येत असूनही त्यास वर चढतां येईना, आणि तो फार लांब खालीं एका पायऱ्यांच्या घाटाशीं निघाला. ज्या मुलानें प्रथम जोडे काढले होते, तो त्या दिवशीं दुपारपर्यंत फारसा बोलला नाहीं.

तेथें काठावर बसून शिक्षकांनीं आम्हांस स्टीफन हिस्लॉप यांची हकीकत सांगितली. हें नांव नागपुरांत कॉलेजामुळें सर्वांच्या तोंडीं आहे. १८४५ सालीं ते नागपुरास आले. शाळा काढली, या प्रदेशांतील खडक व जीवाश्म शोधले, गोंड लोकांची माहिती जमविली. आणि या सर्वांसाठीं ते घोड्यावरून गांवोगांव हिंडले. या मुलखाच्या वाटा त्यांच्याइतक्या फार थोड्यांना ठाऊक असतील. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून ते परतत होते. पावसाळ्याचे दिवस, अंधार पडलेला. वाटेंतला ओढा फुगला होता. तो ओलांडतांना ते बुडाले. वय अवघें पंचेचाळीस. त्यांनीं गोळा केलेली गोंडांविषयींची माहिती पुढें १८६६ सालीं रिचर्ड टेंपल यांनीं प्रसिद्ध केली. तीं टिपणें पुरीं करावयास लेखक राहिला नव्हता. वाट माहीत असणें आणि त्या घटकेस ती ओलांडण्याजोगी असणें, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें आम्हांस त्या काठावर जसें समजलें, तसें वर्गांत समजलें नसतें.

यावरून कोणीं भिऊन घरीं बसावें, असा आमचा मुळींच अभिप्राय नाहीं. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईच्या सहा पारशी तरुणांनीं सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस प्रस्थान ठेवलें. इराण, इराक व सीरियाचें वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा प्रवास करून त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगारा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजीं मुंबईस परतले. त्यांच्यापाशीं उपग्रह नव्हता, आणि पुष्कळ ठिकाणीं रस्ताही नव्हता. साडेचार वर्षांच्या सुमाराचा तो प्रवास शेवटीं एकेका दिवसाचाच बनलेला होता, आणि प्रत्येक दिवशीं त्यांनाही तेच दोन प्रश्न सोडवावे लागले असतील.

परत आल्यावर आम्हीं आमच्यापुरते तीन नियम ठरविले व ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. सकाळीं निघतांना सूर्यास्ताची वेळ चिठ्ठीवर लिहावयाची. दुपारीं चार वाजल्यानंतर पुढें जाण्याचा विचार सोडून मुक्कामाचा विचार करावयाचा. आणि ज्या पाण्याचा तळ दिसत नाहीं किंवा ज्याची खोली गांवच्या माणसानें सांगितली नाहीं, त्यांत पाय घालावयाचा नाहीं, मग मागें कितीही चालावें लागो. तंबू, दिवे व पिशव्या यांची यादी त्याच्या पुढच्या पानावर आहे.

येत्या सुटींत ज्यांना निघावयाचें असेल, त्यांनीं एकदम जबलपूर गांठूं नये. प्रथम रामटेकपर्यंत जावें, एक रात्र बाहेर काढावी, आणि काय जास्त झालें व काय कमी पडलें तें लिहून आणावें. वही आमच्या वर्गाच्या कपाटांत ठेवलेली आहे. ज्यास पाहिजे त्यानें ती मागून न्यावी, आणि परत करतांना तींत आपल्या प्रवासाचें एक पान भरावें.